विजोड स्टेपनी आणि मागील आंस

आपल्या मासिकांत मोहोराची निगा, तुडतुड्यांचा बंदोबस्त, खतांचे हप्ते आणि बाजारभाव यांजवर लेख वारंवार येतात, आणि ते यावे हें योग्यच आहे. परंतु आंबा झाडावरून उतरल्यापासून तो पेठेंत पोंचेपर्यंत ज्या चार चाकांवर आपली वर्षाची मिळकत बसलेली असते, त्या चाकांचा विचार आपण फारसा करीत नाहीं. आणि जें पांचवें चाक गाडीच्या पोटाखालीं किंवा पाठीवर टांगलेलें असतें, त्याचा तर मुळींच करीत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय तें पांचवें चाक होय. ज्यांच्या गाडीच्या मागील आंसांत ‘लिमिटेड स्लिप’ जातीचें डिफरन्शियल आहे त्यांनीं तो विशेष लक्षपूर्वक वाचावा अशी विनंति आहे. इतरांसहि तो निरुपयोगी वाटूं नये.

प्रथम शब्दाचा उगम पाहूं. ‘स्टेपनी’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे कीं तो मराठीच वाटावा. वास्तविक तें वेल्स प्रांतांतील लानेली या गांवच्या एका रस्त्याचें नांव आहे. त्या काळच्या मोटारींबरोबर जादा चाक नसे. टायर फुटला कीं रस्त्याच्या कडेस बसून तो उतरवावा आणि ठिगळ लावावें, असा प्रकार होता. सन १९०४ मध्यें त्या गांवच्या टॉमस व वॉल्टर डेव्हिस या बंधूंनीं हवा भरलेल्या टायरसह एक बिनआऱ्यांची धांव तयार केली. ती फुटलेल्या चाकावरच बाहेरून जखडावयाची आणि मुक्काम गांठावयाचा, अशी ती योजना होती. म्हणजे स्टेपनी ही जन्मापासूनच वेळ निभावून नेण्याची वस्तु आहे. आपल्याकडे मात्र दोन उलट्या चुका एकाच वेळीं होतात. पहिली ही कीं, चार टायर बदलले म्हणजे उतरलेल्यांपैकीं जो बरा दिसेल तो, मग त्याचें माप कोणतेंहि असो, स्टेपनी म्हणून टांगून ठेवतात. आणि दुसरी ही कीं, प्रसंगीं तो एकदां चढवला म्हणजे हंगाम संपेपर्यंत उतरवीत नाहींत. गाडी चालते आहे ना, मग झालें, अशी समजूत असते. ही समजूत किती महाग पडते तें दाखविण्याचा येथें हेतु आहे.

बैलगाडीचीं दोन्ही चाकें आंसावर सुटीं फिरतात, म्हणून वळणावर बाहेरचें चाक अधिक आणि आंतलें कमी फिरलें तरी तक्रार नसते. मोटारींत इंजिनाचें बळ दोन्ही चाकांना पोंचवावयाचें असतें, आणि तरीहि वळणावर त्यांना कमीअधिक फिरूं द्यावयाचें असतें. हें काम आंसाच्या मध्यभागीं जो दांतेरी चाकांचा डबा असतो तो करतो. त्यासच डिफरन्शियल म्हणतात. साध्या डिफरन्शियलचा एक दोष आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. जूनच्या पहिल्या सरींत पाणंदींतून गाडी वर चढत असतां एक चाक चिखलांत गेलें, कीं तेंच एकटें गरगर फिरतें, आणि घट्ट कातळावर असलेलें दुसरें चाक स्वस्थ उभें राहतें. ज्याला अडथळा कमी, तें चाक फिरून घेतें आणि गाडी जागची हलत नाहीं.

या दोषावर उपाय म्हणून जीं निरनिराळीं डिफरन्शियलें निघालीं, त्यांतील एक प्रमुख जात म्हणजे ‘लिमिटेड स्लिप’. तिच्यांत दोन अर्ध्या आंसांशीं जोडलेल्या पातळ प्लेटींची चवड असते आणि त्या प्लेटी एकमेकींवर दाबलेल्या असतात. एक चाक दुसऱ्यापेक्षां जलद फिरूं लागलें म्हणजे या प्लेटी घासतात, जलद चाकास आवर बसतो आणि हळू फिरणाऱ्या चाकाकडे बळाचा अधिक वांटा जातो. व्यवस्था उत्तम आहे. परंतु तींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: प्लेटींचें घासणें हें वळणापुरतें किंवा चिखलांतील क्षणभरापुरतें असावें आणि सरळ रस्त्यावर दोन्ही चाकें समान फिरावीं, म्हणजे प्लेटींना विसांवा मिळावा. आंसाच्या एका टोकास विजोड टायर चढवला कीं हा विसांवा नाहींसा होतो.

आतां हिशेब मांडूं. महसुली कारकुनाची संवय सुटत नाहीं. टायरच्या बाजूवर २१५/७५ आर १५ असे आंकडे असतात. पहिला आंकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्यें. दुसरा, त्या रुंदीच्या शेंकडा किती उंची हें सांगणारा. शेवटचा, रिमच्या व्यासाचा, इंचांत. या हिशेबानें सदरहू टायरचा एकूण व्यास ७०३.५ मिलिमीटर येतो. त्याच १५ इंची रिमवर २०५/६५ आर १५ या मापाचा टायर बसतो, परंतु त्याचा व्यास ६४७.५ मिलिमीटरच भरतो. रिम सारखी असल्यामुळें चाक गाडीस बिनतक्रार लागतें आणि पंक्चरवालाहि कांहीं बोलत नाहीं. तथापि एक किलोमीटर कापण्यास पहिल्या चाकास ४५२.५ फेरे घ्यावे लागतात, तर दुसऱ्यास ४९१.६. अंतर सुमारें ३९ फेऱ्यांचें झालें.

हे ३९ फेरे म्हणजे काय तें समजण्यास दुसरा हिशेब पाहावा. गाडीनें एकाच जागीं पूर्ण गोल चक्कर घेतली, तर बाहेरचें चाक आंतल्यापेक्षां सुमारें चार फेरे जास्त फिरतें. म्हणजे विजोड टायर लावून सरळ रस्त्यानें एक किलोमीटर जाणें हें, डिफरन्शियलच्या दृष्टीनें, नऊ-दहा गोल चकरा मारण्यासारखें आहे. मालवणाहून वाशीच्या बाजारपेठेचें अंतर पांचशें किलोमीटरच्या घरांत आहे. तितक्या प्रवासांत दोन चाकांमध्यें साडेएकोणीस हजार फेऱ्यांचा फरक पडेल, आणि तितके सारे फेरे त्या प्लेटी एकमेकींवर घासत राहतील. घासण्यानें उष्णता होते, उष्णतेनें तेल करपतें, तेल करपलें कीं प्लेटी झपाट्यानें झिजतात. कांहीं दिवसांनीं वळणावर मागून कटकट असा आवाज येऊं लागतो, आणि मग तें डिफरन्शियल, मूळच्या किंमतींत जादा पैसे देऊन घेतलेलें असूनहि, साध्याइतकेंच काम देतें. पुष्कळदां अशा डब्यांत नेहमींचें नव्वद नंबरचें तेल ओतून वेळ मारून नेतात, त्यानें दुखणें वाढतें; प्लेटींच्या जातीस तेलहि त्याच जातीचें, गाडीच्या पुस्तकांत लिहिलेलें, लागतें.

यंत्राच्या झिजेहून मोठी गोष्ट जिवाच्या सुरक्षिततेची आहे. लहान टायर जलद फिरतो, मोठा हळू. आणि अशा डिफरन्शियलचा स्वभावच हळू चाकाकडे बळ देण्याचा. परिणामीं मोठ्या चाकाची बाजू पुढें रेटली जाते आणि गाडी लहान चाकाच्या अंगास ओढूं लागते. कोरड्या सपाट रस्त्यावर चालक स्टिअरिंग किंचित् धरून हें सांवरतो. परंतु फोंडा घाट, करूळ घाट किंवा आंबोली येथें पावसाळी धुक्यांत, मागें माल भरलेला असतां, ओल्या वळणावर ही ओढ कोणत्या क्षणीं काय करील याचा नेम नाहीं.

येथें कोणी म्हणेल, कीं आम्ही इतकें वेगळें माप लावीत नाहीं, नंबर तोच असतो. त्यांच्यासाठीं तिसरा हिशेब. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर खोल आणि जुन्याची २ मिलिमीटर उरली असें धरलें, तर व्यासांत १२ मिलिमीटरचा फरक येतो आणि दर किलोमीटरास जवळजवळ ८ फेऱ्यांचें अंतर पडतें. प्रत्यक्षांत ओझें व हवा यांमुळें हा आंकडा कांहींसा कमी भरेल. तरी पांचशें किलोमीटरांत तो हजारांच्या घरांतच राहील. सबब ‘नंबर एकच’ एवढ्यानें भागत नाहीं, झीजहि सारखी पाहिजे. हवेचा दाब तर सारखा पाहिजेच, हें सांगावयास नको. मोटार वाहनांच्या नियमांत चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर असावी असें ठरवून दिलें आहे. परंतु ती मर्यादा टायर बाद करण्याची आहे, जोडी जुळविण्याची नव्हे.

न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूहि मांडली पाहिजे. सर्वच गाड्यांना हा धोका सारख्या प्रमाणांत नाहीं. आपल्याकडील बहुतेक मालवाहू पिकअप गाड्यांत साधें डिफरन्शियल असतें. त्यांत प्लेटी नसल्यामुळें विजोड चाकानें आंतील लहान दांतेरी चाकें सतत फिरत राहतात, परंतु थोड्या अंतरांत मोठें नुकसान होत नाहीं. बोलेरो निओच्या एका प्रकारांत आणि २०२० सालापासूनच्या थारच्या कांहीं प्रकारांत आपोआप जखडणारें यांत्रिक डिफरन्शियल येतें. त्याची रीति निराळी आहे. गाडीचा वेग सुमारें ३२ किलोमीटरच्या आंत असतां, दोन चाकांच्या गतींत मिनिटाला सुमारें १०० फेऱ्यांचा फरक पडला, तरच तें दोन्ही चाकें एकत्र जखडतें. वरील उदाहरणांतील विजोड टायर ताशीं ३० किलोमीटर वेगानें मिनिटास सुमारें २० फेऱ्यांचाच फरक पाडील. म्हणजे केवळ विजोडपणामुळें तें जखडणार नाहीं. परंतु त्यांतहि आंत प्लेटी आहेतच; आणि घसरणीवर एकदां जखडल्यावर, असमान चाकें कठीण रस्त्यावर समान फिरविण्याचा हट्ट आंसास पिळवटतो. तिसरा एक प्रकार असा, कीं फिरणाऱ्या चाकास ब्रेक लावून तें आवरणारी विजेची यंत्रणा असते. ती चाकांच्या फेऱ्यांवर नजर ठेवून काम करीत असल्यामुळें विजोड टायर तिला घसरणाऱ्या चाकासारखा भासूं शकतो आणि समोर सूचनेचा दिवा लागूं शकतो. म्हणून आपल्या गाडींत कोणत्या जातीचें डिफरन्शियल आहे हें प्रत्येकानें गाडीच्या पुस्तकांत पाहून ठेवावें. आपल्या जमिनीचा गट नंबर ज्यास पाठ असतो, त्यास आपल्या आंसाची जात ठाऊक नसावी हें बरें नव्हे.

मग रस्त्यांत टायर फुटला आणि जवळ विजोड स्टेपनीच असली तर काय करावें? आमच्या मतें नियम एकच आहे: विजोड चाक इंजिनाच्या बळानें फिरणाऱ्या आंसावर लावूं नये. मागील चाकांनीं चालणाऱ्या गाडीचा मागील टायर फुटल्यास पुढचें एक चांगलें चाक काढून मागें लावावें आणि स्टेपनी पुढें चढवावी. पुढील चाकांनीं चालणाऱ्या लहान मोटारींत याच्या उलट करावें. जॅक दोनदां लावावा लागतो, अर्धा तास जास्त जातो. परंतु तो अर्धा तास आंसाच्या दुरुस्तीपेक्षां स्वस्त आहे. चारी चाकांनीं चालणारी गाडी असल्यास ती दोन चाकांवरच चालवावी, डांबरी रस्त्यावर चारीचा दांडा टाकूं नये. आणि जी गाडी कायमच चारी चाकांनीं चालते तिच्यासाठीं पुस्तकांत जें लिहिलें असेल तें पाळावें. त्यानंतर वेग कमी ठेवून, शक्य तर ओझें उतरवून, जवळचें दुकान गांठावें आणि योग्य चाक परत चढवावें. हल्लीं पुष्कळ मोटारींबरोबर जी अरुंद, तात्पुरती स्टेपनी मिळते, तिच्यावर ताशीं ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. ती शोभेसाठीं छापलेली नसते.

चाक बदलतांना एक गोष्ट जिवापाड सांभाळावी. ज्या आंसांत लिमिटेड स्लिप किंवा जखडणारें डिफरन्शियल आहे, त्याचें एक चाक जॅकवर उचलून, दुसरें जमिनीवर असतां, इंजिन चालू करून गिअर कधींहि टाकूं नये. साध्या गाडींत उचललेलें चाक हवेंत फिरतें; येथें जमिनीवरील चाकहि फिरतें आणि गाडी जॅकवरून उडी घेते. चाक नीट बसलें कीं नाहीं हें असें फिरवून पाहण्याची कित्येकांस संवय आहे, म्हणून ही सूचना मुद्दाम करीत आहे. आपल्या तांबड्या भुसभुशीत मातींत जॅकखालीं लांकडी फळी आणि इतर चाकांना चिऱ्यांचा अडसर हवा, हें आहेच.

यावर मोठा आक्षेप खर्चाचा येतो. चार टायरांचेच पैसे देतां देतां नाकीं नऊ येतात, पांचवा नवा टायर टांगून ठेवण्यास कोठून आणावा? आक्षेप रास्त आहे, परंतु हिशेब अपुरा आहे. पांचवा टायर टांगून ठेवूंच नये, तो फिरवावा. पांचहि चाकें सारख्या मापाचीं असून दर आठ-दहा हजार किलोमीटरांस स्टेपनी चाकांत आणि एक चाक स्टेपनींत असा फेर ठेवला, तर झीज चारांऐवजीं पांचांत वांटली जाते. चार टायर जर ४०,००० किलोमीटर चालणार असतील, तर पांच मिळून ५०,००० चालतील. म्हणजे पांचव्या टायरचे पैसे बुडत नाहींत, ते फक्त आधीं द्यावे लागतात. आणि कोणत्याहि क्षणीं स्टेपनी इतर चाकांशीं जुळणारी राहते हा लाभ वेगळाच. आमच्या नोकरीच्या काळांत तालुक्याच्या जीपगाडीचा एक वृद्ध चालक ही पद्धति नेमानें पाळीत असे, आणि कोणत्या महिन्यांत कोणतें चाक कोठें गेलें तें एका जुन्या रोजनिशींत टिपून ठेवीत असे. पाहणीच्या कामांत आमची जीप कधीं खोळंबल्याचें आठवत नाहीं. तात्पुरत्या अरुंद स्टेपनीस मात्र हा फेर लागूं नाहीं, आणि ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो तो उलट बाजूस लावूं नये.

किनाऱ्यावरील आपणां लोकांस आणखी एक शत्रु आहे, तो खारा वारा. गाडीच्या पोटाखालीं टांगलेल्या स्टेपनीची सांखळी किंवा तार गंजते, खिट्टी अडकते आणि ऐन प्रसंगीं चाक खालींच उतरत नाहीं. दर दोन महिन्यांनीं ती एकदां खालीं सोडून, धुवून, तेल देऊन पुन्हां चढवावी, हवा पाहावी. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात, तेहि वाचावे: २३१९ म्हणजे तो टायर सन २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झालेला. न वापरलेला टायरहि वयानें कडक होतो आणि त्यास भेगा पडतात. सन २०२० च्या सुधारणेनें, ट्यूबलेस टायर, पंक्चर काढण्याचा संच आणि हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा असलेल्या लहान प्रवासी मोटारींस स्टेपनीवांचून धांवण्याची मुभा मिळाली आहे. शहरांत ती सोईची असेल. कातळावरच्या बागेंत, जेथें दगडाच्या कपारीनें टायरची बाजूच फाटते, तेथें त्या संचाचा उपयोग होत नाहीं.

ट्रॅक्टरवाल्या बंधूंनींहि हा विषय परका मानूं नये. ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचा जो पायटा असतो, तो दाबला म्हणजे मागील दोन्ही चाकें एक होतात. तो चिखलांत, सरळ जातांना, क्षणभर दाबावा. वळतांना किंवा डांबरी रस्त्यावर कधींहि नव्हे. मागील टायर नेहमीं जोडीनें बदलावे. चारी चाकांनीं ओढणाऱ्या ट्रॅक्टरांत पुढील व मागील टायरांच्या मापाचें प्रमाण कारखान्यांतच ठरलेलें असतें. स्वस्त मिळाला म्हणून वेगळ्या मापाचा टायर पुढें लावल्यास पुढचा आंस मागच्याशीं सतत झगडत राहतो आणि डिझेल, टायर व दांते तिन्हींचा तोटा होतो.

शेवटीं दोन सूचना सभासदांपुढें ठेवितों. पहिली, प्रत्येकानें गाडीच्या कागदांबरोबर एक लहान वही ठेवावी आणि तींत पांचहि टायरांचें माप, सालाचे आंकडे, नक्षीची खोली आणि फेर केल्याची तारीख लिहावी. जमिनीचा फेरफार वेळेवर नोंदला नाहीं तर पुढील पिढी भांडते. टायरचा फेर नोंदला नाहीं तर पुढील हंगामांत आंस भांडतो. जुनी गाडी विकत घेतांनाहि प्रथम स्टेपनी खालीं उतरवून तिचें माप वाचावें; मालकानें गाडी कशी ठेवली आहे तें त्यावरून पुष्कळ कळतें. दुसरी सूचना, गांवोगांवच्या सोसायट्यांनीं मार्च ते मे या महिन्यांत आपल्या सभासदांच्या गाड्यांच्या एक-दोन प्रचलित मापांचीं तयार चाकें, रिमसह, गोदामांत सामाईक ठेवावीं आणि अडचणींत सांपडलेल्यास अनामत घेऊन द्यावीं. मात्र रिमच्या नटांचीं छिद्रें त्या त्या गाडीशीं जुळतात कीं नाहीं हें आधीं पाहून ठेवावें. एकट्यास जड जाणारा खर्च दहा जणांत हलका होतो. सहकाराचें तत्त्व याहून वेगळें तें काय!

आंबा पेटींत भरतांना आपण एका पेटींत एकाच प्रतीचीं आणि एकाच वजनाचीं फळें बसवतों. एक लहान फळ घुसलें तर सारी पेटी हलते आणि डागते हें आपण जाणतों. आंसाचेंहि तसेंच आहे. तरी येत्या हंगामाची पहिली पेटी गाडींत चढण्यापूर्वीं प्रत्येक बागाईतदारानें एकदां गाडीखालीं वांकून त्या पांचव्या चाकावरील आंकडे वाचावे, इतकी विनंति करून हा लेख पुरा करितों.